लग्नपत्रिकेच्या दुकानातले आगंतुक

२४ मे २०२३, बुधवार. सकाळी पावणेदहाला नागपूरच्या महाल भागातल्या एका छपाईच्या दुकानातून फोन आला. "भाऊ, दुकानात या लवकर. सगळ्या फायली पांढऱ्या झाल्या."

एखादी फाईल कशात उघडायची हे विंडोजला कळलं नाही की तो तिला कोऱ्या कागदाचं चित्र लावतो. एकदोन फायलींचं असं झालं तर कुणी काहीतरी पुसलंय असं समजायचं. सगळ्याच पांढऱ्या झाल्या असतील, तर घाईने गाडी काढायची. सीताबर्डीहून महालात पोचायला मला वीस मिनिटं लागली. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस, तोंडावर आला होता आणि सकाळी दहालाच रस्ता तापला होता.

हे दुकान बडकस चौकापासून दोन गल्ल्या आत आहे. खाली दुकान, वर घर. लग्नाच्या नि मुंजीच्या पत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं, निवडणूक आली की पत्रकं. दुकान काकांचं; त्यांच्या वडिलांचं ट्रेडल छपाई मशीन अजून दारामागे उभं आहे. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा खिळे जुळवायला शिकल्या, आता संगणकावर मजकूर टाकतात, आणि मी पाहिलेल्यांत त्यांच्याइतकं न चुकता मराठी टाइप करणारं दुसरं कुणी नाही. डिझाइन पुतण्या करतो. एकूण चार संगणक. त्यातला पुतण्याचा मुख्य. 'कामे' नावाचं फोल्डर त्याच्यावर आहे आणि बाकीचे तीन तिथूनच फायली उघडतात. चौथा विंडोज ७ चा जुना डबा, कारण कटिंग प्लॉटरचा, म्हणजे आकार कापणाऱ्या यंत्राचा, ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही. नावं गाळून लिहितोय, पण लिहायला काकांनीच सांगितलं.

मी पोचलो तेव्हा काका कूलरसमोर खुर्ची टाकून बसले होते आणि पुतण्या एकेक फाईल रिनेम करत होता. प्रत्येक फाईलच्या नावाला मागे चार अक्षरांची एक अर्थहीन शेपटी लागली होती. ती पुसली की फाईल उघडेल, असा त्याचा हिशोब. दोनशेच्या वर फायलींच्या शेपट्या त्याने पुसल्या होत्या. चित्र पुन्हा रंगीत दिसायला लागायचं, आणि फाईल उघडायला गेलं की चूक दाखवायची. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक साधी टेक्स्ट फाईल येऊन बसली होती. इंग्रजीत, काहीशा गोड भाषेत: घाबरू नका, तुमच्या फायली परत मिळतील. किंमत ९८० डॉलर. ७२ तासांत संपर्क केला तर निम्मी, म्हणजे ४९०. त्या दिवसाच्या भावाने ४० हजारांच्या आसपास. खात्री पटावी म्हणून एक फाईल फुकट उघडून देऊ, मात्र ती फार महत्त्वाची नसावी.

हा मजकूर ओळखीचा होता. स्टॉप किंवा डेजावू म्हणतात त्या कुळातलं रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम. मोठमोठ्या कंपन्यांना वेठीस धरणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या होतात, हे त्यातलं नव्हे. हे गल्लीबोळातल्या दुकानांवर, विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर, घरच्या फोटोंवर जगतं, आणि याच्या बातम्या होत नाहीत.

मी सगळ्यात आधी नेटची वायर ओढली. मग विचारलं, "बॅकअप?"

"होता," पुतण्या म्हणाला.

हा 'होता' या प्रकरणातला सगळ्यात महागडा शब्द. एक टेराबाइटची बाहेरची हार्ड डिस्क काकूंच्या कपाटात असायची, महिन्यातून एकदा सगळं तिच्यावर चढवायचं. सकाळी फायली पांढऱ्या दिसल्याबरोबर पुतण्याने वर जाऊन ती डिस्क आणली आणि लावली. कॉपी सुरू केली, तेवढ्यात चहा आला. चहा संपेपर्यंत डिस्कवरच्या फायलीही पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या.

"काही समजूनच नाही राहिलं मले," तो म्हणाला. "मी तर फक्त लावली होती."

हे रॅन्समवेअर एकदा फायली कुलूपबंद करून निघून जात नाही. ते विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये स्वतःची ड्युटी लावून घेतं, 'टाइम ट्रिगर टास्क' अशा साध्यासुध्या नावाने, आणि दर पाच मिनिटांनी उठून नवीन काही आलंय का ते पाहतं. नवीन फाईल केली, नवा ड्राइव्ह लावला, की तेही कुलपात. मशीन साफ होईपर्यंत त्याला काहीही लावणं म्हणजे आग लागलेल्या घरात कपाटातले दागिने आणून ठेवणं. पण हे त्या पोराला कोण सांगणार? गोंधळलेला माणूस आधी बॅकअपकडेच धावतो. मीही धावलो असतो.

त्याने मदतही शोधायचा प्रयत्न केला होता. सुरक्षेची माहिती देणाऱ्या साइट्स उघडल्या, एकही उघडली नाही. व्हॉट्सअॅप वेब चालत होतं, यूट्यूब चालत होतं, फक्त त्या साइट्स नाही. त्याला वाटलं नेट कमी येतंय. खरं म्हणजे या कुळाचं रॅन्समवेअर विंडोजच्या होस्ट्स फाईलमध्ये अशा साइट्सची मोठी यादी लिहून ठेवतं, म्हणजे संगणक त्यांचा पत्ता स्वतःकडेच वळवतो. दवाखान्याचा रस्ता विचारावा आणि गड्याने तुम्हाला तुमच्याच दारात आणून सोडावं, तसं.

आदल्या रात्री काय झालं

मंगळवारी रात्री पुतण्या उशिरापर्यंत बसला होता. मी विचारलं, काही वेगळं दिसलं का? तो म्हणाला, "नाही. विंडोज अपडेट होऊन राहिलं होतं. टक्के पुढे सरकत होते, बंद करू नका म्हणे. मी तसंच सोडून झोपलो."

ते अपडेट नव्हतंच. फायलींना कुलूप लागत असताना डिस्क घरघरते, मशीन मंद होतं, माणसाला संशय येतो. म्हणून हे वर अपडेटची खोटी खिडकी दाखवतं. आपण सगळेच त्या खिडकीला इतके सरावलोय की नाटक करायला तिच्याइतकी सोयीची जागा नाही.

मग मी इव्हेंट लॉग, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. रात्री ११ वाजून ३८ मिनिटांनी विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसची ५००१ क्रमांकाची नोंद: रिअल टाइम संरक्षण बंद. ते कुठल्या व्हायरसने बंद केलं नव्हतं. हाताने बंद केलं होतं. डाउनलोड्समध्ये एक झिप होती, शेजारी एक सूचनापत्र: आधी अँटिव्हायरस बंद करा, तो याला चुकून व्हायरस समजतो, मग पासवर्ड १२३४ टाकून झिप उघडा. ११:४१ ला झिप उघडली, ११:४४ ला आतलं चालवलं. शेपूट लागलेल्या पहिल्या फाईलवर वेळ ११:५२.

झिपला पासवर्ड का असतो हे समजलं तर निम्मं प्रकरण समजतं. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत ब्राउझर पाहू शकत नाही, मेलवाला पाहू शकत नाही, अँटिव्हायरस पाहू शकत नाही. आणि १२३४ हा पासवर्ड कुणापासून लपवण्यासाठी नसतो, तो तर पानावर लिहिलेलाच असतो. तो फक्त तपासणाऱ्या यंत्राला बाहेर ठेवण्यासाठी असतो.

काय उतरवलं होतं? डिझाइनच्या एका सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे परवान्याशिवाय ते चालवून देणारा चोरटा प्रोग्राम. आधीचा चालत होता, पण एका गिऱ्हाइकाने नव्या आवृत्तीतली फाईल पाठवली आणि ती जुन्यात उघडेना. मूळ परवान्याची किंमत काकांच्या महिन्याच्या गाळाभाड्याहून जास्त. हे मी कुणाची बाजू घ्यायला सांगत नाही. पण 'फुकटचं घेऊ नका' एवढं म्हणून हात झटकणाऱ्यांनी या गल्लीतल्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात जाऊन परवान्याची पावती मागून पाहावी.

संगणकाच्या भाषेत याला ट्रोजन म्हणतात. पाहिजे ती वस्तू म्हणून आपणच आत आणतो आणि आतून दुसरंच निघतं. गंमत म्हणजे क्रॅक चाललाही होता. सॉफ्टवेअर उघडत होतं.

पैसे द्यायचे का

दुपारपर्यंत दुकानात सल्लागारांची गर्दी झाली. शेजारचा स्टेशनरीवाला म्हणाला, देऊन टाका, चाळीस हजार काय मोठे, लग्नसराई आहे. काकांचे व्याही फोनवर म्हणाले, पोलिसांत जा. कुणी म्हणालं, इंदोरला एक जण काढून देतो.

मी तत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. तत्त्वं दुसऱ्याच्या दुकानात सांगायला सोपी असतात. मी विचारलं, आत्ता हातात किती कामं आहेत? काकूंनी वही काढली. ३१. त्यातली पहिली लग्नाची तारीख पाच दिवसांवर.

आधी कुलूप उघडता येतं का ते पाहायचं होतं. या कुळाच्या जुन्या १४८ प्रकारांसाठी एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये फुकट उघडण्याचं साधन दिलं. पण त्याच वर्षी ऑगस्टच्या सुमारास कुलूप बनवणाऱ्यांनी पद्धत बदलली होती. त्यानंतरच्या प्रकारांत मामला असा: रॅन्समवेअर आपल्या सर्व्हरकडे किल्ली मागतं. सर्व्हरने उत्तर दिलं तर प्रत्येक संगणकाला वेगळी किल्ली, जी फक्त त्यांच्याकडे. उत्तर आलं नाही तर आतच ठेवलेली एक ठरावीक किल्ली वापरतं, आणि ती पुढेमागे कुणीतरी मिळवून त्या साधनात घालू शकतं. रीडमीमध्ये एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. तो 'टी' आणि 'एक' यांवर संपला तर ठरावीक किल्ली, म्हणजे आशा. आमचा क्रमांक तसा संपत नव्हता. मी तीनदा पाहिला. त्यांचा सर्व्हर त्या रात्री बंद असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

खंडणीचा हा धंदा इंटरनेटपेक्षा जुना वाटावा इतका जुना आहे. १९८९ च्या डिसेंबरात एड्सविषयी माहितीच्या नावाखाली सुमारे २०,००० फ्लॉपी पोस्टाने लोकांना गेल्या होत्या. संगणक नव्वदाव्यांदा सुरू केला की फायलींची नावं गायब, आणि पनामाच्या एका पोस्टपेटीवर १८९ डॉलर पाठवा असा निरोप. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हसून विचारलं, "मनीऑर्डरने?"

शेवटी पैसे न द्यायचं ठरलं ते काकूंच्या हिशोबामुळे. ३१ पैकी १७ कामं छपाईच्या प्लेट बनवणाऱ्या प्लेटवाल्याकडे गेली होती, म्हणजे त्यांच्या पीडीएफ त्याच्या मेलमध्ये सुखरूप. ८ कामांची प्रूफं गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेली, फोटोच्या रूपात. उरली ६, जी अजून टाइपच झाली नव्हती किंवा अर्धवट होती. त्यांचा मूळ मजकूर, गिऱ्हाइकाच्या हस्ताक्षरातला, टेबलावरच्या काट्याला टोचलेला होता. काकू अजूनही प्रत्येक कागद काट्याला टोचतात. पुतण्या त्यावरून त्यांना हसायचा.

१७ सरळ छापायला गेली. एकच अडचण. प्लेटला देताना मजकुराचे कर्व्ह करतात, म्हणजे अक्षरं अक्षरं राहत नाहीत, नुसते आकार होतात. म्हणून ज्या दोन पत्रिकांत शेवटच्या क्षणी 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' खालच्या नावांत बदल आला, त्या पुन्हा टाइप कराव्या लागल्या. बाकीच्या १४ बुधवार आणि गुरुवारच्या रात्री काकूंनी बसून केल्या. प्रूफाचा फोटो फोनवर उभा करून ठेवायचा आणि टाइप करत जायचं. मी दुसऱ्या खोलीत मशीन पाहत होतो, तिथपर्यंत टाइपिंगचा आवाज येत होता. वीज दोनदा गेली, कूलर थांबला, तो आवाज यूपीएसवर चालू होता.

जुन्या कामांचं काय? दहा वर्षांच्या फायली. इथे कुलूप लावणाऱ्याच्या घाईने आम्हाला हात दिला. हे रॅन्समवेअर मोठी फाईल पूर्ण कुलूपबंद करत नाही. लवकर उरकावं म्हणून पहिले दीडशे किलोबाइटच्या आसपास तेवढे बिघडवतं. लहान फाईल त्यात पूर्ण जाते. मोठ्या फाईलचं फक्त डोकं जातं. पुतण्याने २०१४ ते २०१९ ची कामं वर्षवार आरएआर करून, म्हणजे एकेका फाईलमध्ये गठ्ठा बांधून, ठेवली होती, प्रत्येकी सहा ते नऊ जीबी. शेपूट काढून विनआरएआरच्या दुरुस्तीत घातल्यावर त्या सहाही गठ्ठ्यांतून सुरुवातीच्या काही फायली सोडून जवळजवळ सगळं बाहेर आलं. २०२० नंतरचं सुटं होतं. ते गेलं. त्या कुलूपबंद फायली मी एका वेगळ्या डिस्कवर जपून ठेवल्यात. कधीतरी एखादी टोळी पकडली जाते आणि किल्ल्या बाहेर येतात. आधी असं झालेलं आहे.

पाल

या धांदलीत मी चारही मशीन तपासली आणि विंडोज ७ च्या डब्यावर वेगळाच प्राणी सापडला. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "तो शॉर्टकटवाला व्हायरस ना? तो आहे दोन वर्षांपासून. तो काही करत नाही."

भिंतीवरच्या पालीबद्दल बोलावं तसं.

हे दुकानात आलेल्या प्रत्येकाने पाहिलं असेल. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह लावला की त्यात फोल्डरांऐवजी एकच शॉर्टकट दिसतो, ड्राइव्हच्याच नावाचा. त्यावर क्लिक केलं की आतल्या फायली उघडतात, म्हणून कुणाची तक्रार नाही. मी पुतण्याला जवळ बसवून दाखवलं. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीज उघडल्या. 'टार्गेट'च्या डब्यात फोल्डरचा पत्ता हवा, तिथे लांबलचक आज्ञा होती: आधी एक लपलेली स्क्रिप्ट चालव, मग फोल्डर उघड. म्हणजे प्रत्येक क्लिकला आधी त्याचं काम, मग आपलं. खरे फोल्डर गेले कुठे? 'लपलेल्या फायली दाखवा' केलं तरी दिसेनात, कारण त्यांच्यावर सिस्टिमचाही शिक्का मारलेला. तोही पडदा काढला तेव्हा एक बिननावाचं फोल्डर दिसलं. नाव नव्हतं असं नाही. नावात फक्त एक न दिसणारी मोकळी जागा होती. सगळं त्याच्या पोटात.

हा वर्म. ट्रोजनला कुणीतरी दार उघडून द्यावं लागतं. वर्म स्वतःच पुढच्या घरी जातो. तो काही करत नाही हे काकांचं म्हणणं त्यांच्यापुरतं खरंही होतं, कारण त्याचं काम होतं पुढे जाणं. दोन वर्षांत त्या एका डब्याला किती पेन ड्राइव्ह लागले असतील? कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, पतसंस्थांची बिलबुकं, शाळांचे रिपोर्ट कार्ड. महालातल्या अर्ध्या संगणकांवर ती पाल इथूनच गेली असणार, असं मी बोललो, आणि काकांचा चेहरा पाहून वाटलं की फायली गेल्या त्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं.

वर्मला पेन ड्राइव्हही लागतोच असं नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा वर्म आला तो नेटवर्कवरूनच एका विंडोजमधून दुसऱ्यात शिरत गेला, कुणी काही न उघडता. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी अपडेट टाळलं त्यांना फटका बसला. आणि विंडोज ७ ला तर जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टकडून नेहमीचे अपडेट येणंच थांबलंय. तो डबा मी नेटवर्कवरून कायमचा काढला. प्लॉटरची फाईल आता एकाच, लाल रंग लावलेल्या पेन ड्राइव्हने जाते.

आवाज न करणारा

आता माझी चूक.

बुधवारी मला कुलपं दिसत होती, म्हणून मी कुलपांच्याच मागे लागलो. मशीन साफ केलं, विंडोज नव्याने घातलं, शुक्रवारी पहिल्या पत्रिका छापून गेल्या. काकूंनी पेढ्याऐवजी संत्रा बर्फी आणली. शनिवारी सकाळी पुन्हा फोन. दुकानाचं सोशल मीडियावरचं पान आता दुकानाचं राहिलं नव्हतं. नाव बदललेलं, पाच वर्षांतले पत्रिकांचे फोटो गायब, आणि पानाला जोडलेल्या कार्डावरून कुठल्यातरी परदेशी वस्तूंच्या जाहिराती चालू. १४,६०० रुपये गेले होते.

"ओटीपी आला होता का?" मी विचारलं.

"एकही नाही."

आणि मला कळलं. स्टॉप कुळ एकटं येत नाही हे मला ठाऊक होतं. तो क्रॅक चालवला की बरेचदा जोडीला माहितीचोर उतरतो. अॅझोरल्ट, विदार, रेडलाइन ही त्यांची नावं. रॅन्समवेअर आरडाओरडा करतं, कारण पैसे मागायचे तर तोंड दाखवावं लागतं. माहितीचोराला दिसायचंच नसतं. काही मिनिटांत तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कुकीज, डेस्कटॉपवरच्या टेक्स्ट फायली गोळा करतो, गठ्ठा पाठवतो आणि पुष्कळदा स्वतःला पुसून टाकतो. बुधवारी तो मशीनवर नव्हताच. काम उरकून गेला होता. फायलींना कुलूप लागायच्या आधीच, बहुधा.

ब्राउझर पासवर्ड कुलपात ठेवतो हे खरं. पण त्या कुलपाची किल्ली तेव्हा विंडोजच्या त्या वापरकर्त्याकडे असायची, आणि त्याच्या नावाने चालणारा प्रोग्राम ती मागू शकायचा. क्रॅक पुतण्याच्याच नावाने चालत होता. ओटीपी का आला नाही, हे मी काकांना टेकडी गणपतीच्या देवळाबाहेरच्या चपलांवरून सांगितलं. चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो. परत येऊन बिल्ला दाखवला की चपला मिळतात, नाव कुणी विचारत नाही. आपण एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन आत शिरलो की साइट असाच एक बिल्ला देते, त्याला कुकी म्हणतात. चोराने पासवर्ड फोडला नाही. बिल्ला उचलला.

बुधवारी दुपारीच दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून सगळे पासवर्ड बदलायला हवे होते आणि प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' दाबायला हवं होतं. पासवर्ड नुसता बदलून पुरतंच असं नाही, जुना बिल्ला रद्द व्हायला हवा. मी "ते नंतर करू" म्हणालो होतो. मेलच्या खोक्यात बुधवारी पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी 'नव्या ठिकाणाहून प्रवेश' असा इशाराही पडून होता. त्या दिवशी तो पाहायला कुणाला सवड नव्हती. मलाही नाही. बँकेचं काही गेलं नाही याचं श्रेय माझं नाही. काका नेट बँकिंग वापरत नाहीत, पासबुक घेऊन रांगेत उभे राहतात.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन लावला, कार्ड बंद केलं, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली. काका आढेवेढे घेत होते. "आपलंच सॉफ्टवेअर चोरीचं, कोणत्या तोंडाने सांगू?" ही भीती मी दहापैकी आठ ठिकाणी पाहतो, आणि चोरांना ती चांगली माहीत आहे. मी म्हटलं, घरात चोरी झाली तर आपण दार उघडं ठेवलं होतं म्हणून तक्रार करायची नाही का? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये कलम ४३ आणि ६६ याचसाठी आहेत. पान अडीच महिन्यांनी परत मिळालं, फोटो नाही.

त्यानंतर

डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा एक परवाना घेतला, एकाच मशीनसाठी, हप्त्याने. साधी कामं इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरवर वळवली. पुतण्या पंधरा दिवस कुरकुरला. सगळ्यांची विंडोजची खाती साधी केली, अॅडमिनचा पासवर्ड काकूंकडे. काहीही इन्स्टॉल करायचं तर त्यांना हाक मारावी लागते आणि त्या "हे काय आहे?" असं विचारतात. या प्रश्नाचं उत्तर धड देता आलं नाही की बहुतेक वेळा ते नकोच असतं. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह दाराशी ठेवलेल्या लिनक्सच्या जुन्या मशीनला लागतात. विंडोजसाठी लिहिलेल्या त्या स्क्रिप्टा तिथे निपचित पडतात.

बॅकअपच्या डिस्का आता दोन. एक लागली की दुसरी वर कपाटात, आणि कॉपी झाली की काढायची. पहिल्या महिन्यात मी सहज गेलो तर डिस्क सकाळपासून तशीच लावलेली. दुसऱ्या महिन्यातही. मग काकूंनी डिस्कची वायर दुकानाच्या शटरच्या किल्लीच्या जुडग्याला बांधली. आता डिस्क काढल्याशिवाय दुकान बंद होत नाही.

दीड वर्षाने, २०२४ च्या तुळशीच्या लग्नानंतर, पत्रिकांचा हंगाम पुन्हा सुरू झाला होता. मी दुकानात शाई सुकायची वाट पाहत बसलो होतो. काकांच्या फोनवर एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नंबरवरून लग्नाचं निमंत्रण आलं. त्यांनी चष्मा वर केला आणि फोन माझ्यापुढे धरला. फाईलच्या नावात लग्नपत्रिका, शेवटी एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसणारं अॅप.

"यांच्या पोराची पत्रिका आपण छापली, गेल्या वर्षी," ते म्हणाले. "आणि पत्रिका एपीके कशी असंल? आपण पीडीएफ देतो, नाहीतर फोटो."

फाईल न उघडताच त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला. त्या माणसाला काहीच माहीत नव्हतं. सकाळी त्यालाही कुणाची तरी पत्रिका आली होती, त्याने दाबली होती. असं अॅप एकदा बसलं की बँकेचे एसएमएस वाचून पुढे पाठवू शकतं. काकांनी त्याला फोन आधी फ्लाइट मोडवर टाकायला सांगितलं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायला सांगितलं, १९३० नंबर दोनदा लिहून घ्यायला लावला, आणि तो निघाला आहे असं म्हणाल्यावर काकूंना हाक मारली, "एक चहा वाढव. तो येऊन राहिला."